रंगवलेल्या झाडामागे

मिशेलचा कोट जुना झालाय, म्हणून तो शिवायला टाकलाय. मिशेल पॅरिसमधला तरुण चित्रकार. खिसा रिकामा, आणि वाणी, खाटीक, दूधवाला असे सगळे देणेकरी त्याच्या जिन्यात तगाद्याला उभे. कोट शिवायला घेतलाय बेआत्रिसनं. ती त्याच्या समोरच्याच खोलीत राहते, एका ऑपेरा थिएटरात नाचते आणि तिचं मिशेलशी लग्न ठरलंय. त्या कोटाच्या खिशात डच लॉटरीचं तिकीट आहे आणि त्या तिकिटाला दहा लाख फ्लोरिनचं बक्षीस लागलंय. हे मिशेलला कळेपर्यंत कोट घरातून गेलेला असतो. मिशेल दुसऱ्या एका बाईशी लाडीगोडी करताना बेआत्रिसला दिसतो. ती चिडलेली असतानाच पोलिसांना चुकवत एक म्हातारा चोर तिच्या खोलीत शिरतो आणि ती तो कोट त्याला देऊन टाकते. चोर तो आपल्या जुन्या कपड्यांच्या दुकानात नेतो. तिथून तो विकत घेतो ऑपेराचा एक नामांकित गायक, कारण त्याला रंगमंचावर फटिंग कलावंताची भूमिका करायची आहे आणि त्या सोंगाला खराखुरा फाटका कोट हवाय. गायक त्याच रात्री अमेरिकेला निघणार आहे.

रने क्लेरच्या ‘ल मिलियों’ची ही गोष्ट. 1931 सालचा हा फ्रेंच बोलपट दीड तासाच्या आत संपतो. पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला तो मी पहिल्यांदा पाहिला आणि त्यानंतर जमेल तेव्हा पाहत आलोय. गोष्ट सांगून टाकली म्हणून त्यातलं काही कमी होत नाही. कोट सापडणार, हे पाहणाऱ्याला सुरुवातीपासून ठाऊक असतं. इमारतीतली सगळी माणसं आनंदानं फेर धरून नाचताहेत, हे क्लेर आधीच दाखवून टाकतो, आणि मग हा आनंद कशाचा ते सांगायला मागे वळतो. त्यामुळे काळजीला जागाच उरत नाही. आपण फक्त पाहत राहतो आणि ऐकत राहतो. ऐकण्याबद्दलच मला इथे बोलायचंय.

क्लेरला बोलपट नको होता. मूकपटाच्या काळात त्याचं नाव झालेलं होतं. ‘इटालियन स्ट्रॉ हॅट’मध्ये त्यानं एका हॅटमागे अख्खी वरात पॅरिसभर धावायला लावली होती, तीही एका शब्दावाचून. आवाज आला तेव्हा त्याला भीती वाटली, की आता कॅमेरा एका जागी खिळेल, नट मायक्रोफोनभोवती कोंडाळं करून बोलत बसतील आणि चित्रपट म्हणजे डब्यात भरलेलं नाटक होईल. सुरुवातीचे पुष्कळ बोलपट तसेच होते, तेव्हा भीती खोटी नव्हती. पण क्लेर नुसता रुसून बसला नाही. 1929 साली तो लंडनला गेला आणि नवे बोलपट पाहत बसला. ‘ब्रॉडवे मेलडी’ या अमेरिकन चित्रपटातल्या एका प्रसंगावर त्यानं लिहूनही ठेवलंय. नायिका खिडकीपाशी उभी आहे. आपल्याला ऐकू येतं, दार लागलं, मोटार सुरू झाली, निघून गेली. दिसतो मात्र फक्त तिचा चेहरा. मोटार दाखवलीच नाही, तरी तिचं जाणं त्या चेहऱ्यावर पूर्ण कळलं. क्लेरच्या हाताला इथे किल्ली लागली. जे डोळ्याला दिसतंय तेच कानाला पुन्हा सांगायची गरज नाही. कानाला दुसरं काही देता येतं.

‘ल मिलियों’ मुळात नाटक, जॉर्ज बेर आणि मार्सेल गियमो यांचं. फार्स असल्यामुळे ते संवादांवर चालणारं. क्लेरनं बरेचसे संवाद काढून त्या जागी संगीत आणि गाणी घातली. फार्समध्ये माणसं जशी वागतात तशी खरी माणसं वागत नाहीत. ती बोलू लागली की खोटेपणा लगेच कानाला टोचतो, पण गाऊ लागली की तोच खोटेपणा गोड होऊन जातो, कारण गाणाऱ्या माणसाकडून वास्तवाची अपेक्षा कुणीच करत नाही. म्हणून तगाद्याला आलेले देणेकरी इथे कोरसमध्ये गातात. म्हाताऱ्या चोराची टोळीही गाते. आर्मां बेर्नार, फिलिप पारेस आणि जॉर्ज व्हान पारिस या तिघांचं हे संगीत असं काही हलकं आहे की बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं याचा सांधा सापडत नाही. एकदा थिएटरात सगळे त्या कोटामागे धावतात, तो या हातातून त्या हातात जातो, माणसं एकमेकांवर कोसळतात, आणि क्लेर त्या झोंबाझोंबीवर रग्बीच्या सामन्याचा आवाज घालतो. पंचाची शिट्टी, प्रेक्षकांचा गलका. मैदान कुठेही नाही. आजच्या जाहिरातवाल्यांना ही युक्ती शंभरदा वापरलेली वाटेल. बोलपट दोन-चार वर्षांचा असताना ती ज्याला सुचली त्याच्याबद्दल मला आदर वाटतो.

पण ज्या प्रसंगासाठी मी या चित्रपटाकडे परत परत जातो तो निराळा आहे.

थिएटरात प्रयोग सुरू होतोय. नायकाच्या भूमिकेत कोट विकत घेणारा तो गायक, सोप्रानेली, अंगावर तोच कोट. नायिकेच्या भूमिकेत एक लठ्ठ, प्रौढ गायिका. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. पडदा वर जाईपर्यंत त्यांची खडाजंगी चालू असते. मिशेल कोट शोधत मंचामागे शिरलाय, बेआत्रिस तिथे नोकरीलाच आहे. दोघं समोरासमोर येतात, ती अजून रागात आहे, आणि तेवढ्यात पडदा वर जातो. बाहेर पडायला वाट नाही. दोघं रंगवलेल्या झाडाझुडपांच्या देखाव्यामागे अडकतात. प्रेक्षकांना ती दिसत नाहीत. हलायचं नाही, बोलायचं नाही.

पुढे, दिव्यांच्या उजेडात, ती दोन जाडजूड माणसं प्रेमाचं युगलगीत सुरू करतात. आपण दोघंच आहोत, आसपास कुणी नाही, असा त्या गाण्याचा भाव. समोर खचाखच भरलेलं थिएटर, मागे लपलेले दोघे, वर माच्यावर बसलेला कामगार. क्लेर हे सगळं दाखवतो आणि आपण हसतो. गायक विनवणी करतो, गायिका रुसलेली आहे. मागे मिशेलचा चेहरा तीच विनवणी करतोय आणि बेआत्रिसनं तसंच तोंड फिरवलंय. गाणं पुढे सरकतं तसं तिचं लक्ष त्याच्या ओळींकडे जाऊ लागतं. आधी ती नुसती ऐकते. मग मान थोडी वळते. वरून तो कामगार कागदाच्या पाकळ्या सोडतो, त्या पुढच्या दोघांवर पडायच्या असतात, पण मागच्या दोघांवरही पडतात. गाण्यातलं जोडपं एक होतं तोवर मागचंही एक झालेलं असतं. मिशेलनं तोंडातून एक अक्षर काढलेलं नाही. त्याला जी क्षमा मागायची होती ती दुसऱ्या कुणीतरी, पगार घेऊन, मनात काहीही नसताना, त्याच्यासाठी मागितली.

ऑपेराची थट्टा करणारे प्रसंग सिनेमात पुष्कळ आहेत. चारच वर्षांनी मार्क्स बंधूंनी ‘ए नाइट अ‍ॅट दी ऑपेरा’मध्ये ऑपेराची पार धूळधाण उडवली, आणि त्या धुडगुसामागे क्लेरचा हा चित्रपट असावा असं जाणकार म्हणतात. पण क्लेरची थट्टा अर्ध्या वाटेवर दिशा बदलते. जाड गायिका, भांडखोर गायक, रंगवलेला देखावा, कागदी पाकळ्या यांतली एकही गोष्ट खरी नाही, हे तो ठणकावून सांगतो. आणि मग तेवढ्याच ठामपणे दाखवतो की या सगळ्या खोट्या गोष्टींनी मिळून एक खरं काम केलं. गाणाऱ्यांच्या मनात प्रेम नाही. ज्यांच्या मनात आहे त्यांना गाता येत नाही. दोघांच्या मध्ये रंगवलेलं कापड आहे, आणि त्या कापडातून गाणं आरपार जातं.

मला हे पाहताना आमच्या आजीची आठवण येते. तिनं बालगंधर्वांना त्यांच्या उतारवयात रंगमंचावर पाहिलं होतं. शरीर सुटलेलं, वय लपत नाही, आणि भूमिका तरुण कुलवधूची. आम्ही मुलं विचारायचो, मग तुला ते खरं कसं वाटायचं? ती म्हणायची, “अरे, आम्ही बघायला कुठे जात होतो? ऐकायला जात होतो.” तिच्या पिढीनं तो करार मनापासून केला होता. समोर कोण उभं आहे हे पुरतं ठाऊक असूनही, सूर लागला की नाटकातली ती कुलवधू सिंधूच समोर असायची. त्या विश्वासाची थट्टा करायची माझी कधीच छाती झाली नाही, आणि क्लेरचा प्रसंग पाहिल्यावर मला उमगलं की तोही ती करत नाही. तो ऐकणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसतो.

कॅमेऱ्याला तो करार कळत नाही, ही मात्र खरी अडचण. ‘ल मिलियों’ आला त्याच वर्षी, 14 मार्चला, मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि आपल्याकडे चित्रपट बोलू लागला, बोलता बोलताच गाऊ लागला. पुढच्या वर्षी कोल्हापुरात प्रभातनं ‘अयोध्येचा राजा’ काढला. त्यात हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, ज्यांनी 1911 सालच्या ‘मानापमान’ला चाली दिल्या होत्या. संगीत नाटकाची सगळी पुण्याई अशी माणसांसकट बोलपटात आली. 1935 मध्ये बालगंधर्वांनीही प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथांची भूमिका केली. मग ‘साध्वी मीराबाई’मध्ये त्यांनी पडद्यावरही स्त्रीभूमिका केली. रंगमंचावर दुरून, दिव्यांच्या झगमगाटात जो विश्वास क्षणात बसायचा, तो इथे बसला नाही. कॅमेरा जवळ आला आणि आजीनं ज्याकडे पाहायचंच नाही असं ठरवलं होतं तेच त्यानं दाखवलं.

क्लेरपुढेही हीच अडचण होती. त्यानं कॅमेरा गाणाऱ्यांपुढून उचलला आणि देखाव्यामागे नेला. गाणाऱ्याचं तोंड पाहत बसलात तर हसू येईल, ऐकणाऱ्याचं तोंड पाहा. ‘ब्रॉडवे मेलडी’त त्याला जे दिसलं होतं तेच हे. आवाज एकीकडे, चेहरा दुसरीकडे.

आपल्याकडे हीच फारकत दुसऱ्या वाटेनं झाली. 1935 साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं ‘धूप छाँव’मध्ये गाणी आधी ध्वनिमुद्रित करून घेतली. मग गाणारा एक आणि ओठ हलवणारा दुसरा, ही पद्धत रुळली आणि आपला सगळा सिनेमा तिच्यावर उभा राहिला. क्लेरच्या मंचावर गाणारे पुढे आहेत आणि प्रेम करणारे पडद्यामागे. आपल्या चित्रपटात प्रेम करणारे पुढे आले आणि गाणारे पडद्यामागे गेले. जागा बदलल्या, कापड तसंच राहिलं. मिशेलला जे एका रात्री, एका अपघातानं मिळालं ते आपल्याकडे शेकडो नायकांना रीतसर मिळू लागलं, आणि त्यांच्यामार्फत आपल्यालाही. आपल्या पिढ्यांनी प्रेम, विरह, रुसवा, सगळं उसन्या आवाजांत अनुभवलं. आवडत्या माणसाला जे सांगता आलं नाही ते रेडिओवरच्या गाण्याला सांगू दिलं. गाणाऱ्याला आपण माहीतही नव्हतो. म्हणूनच ही पद्धत खोटी आहे असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. बेआत्रिसची मान वळली होती. त्यापुढे गायकाच्या मनात काय होतं या प्रश्नाला माझ्या लेखी किंमत नाही.

त्या जाड गायिकेबद्दलही सांगायला हवं. तिची भूमिका ओदेत तालाझाक या अभिनेत्रीनं केली होती. तिचे वडील जाँ-आलेक्सांद्र तालाझाक हे पॅरिसच्या ऑपेरा-कोमिकचे थोर गायक. ऑफेनबाखच्या ‘टेल्स ऑफ हॉफमन’मधला पहिला हॉफमन त्यांचा. हिंदुस्थानातल्या ब्राह्मण मुलीची गोष्ट सांगणाऱ्या ‘लाक्मे’ या ऑपेरातला पहिला इंग्रज नायकही त्यांचाच. म्हणजे ऑपेराचं हसू करायला ऑपेराच्या घरातली लेकच उभी होती. मला वाटतं त्या प्रसंगातला गोडवा थोडा तिथूनही आलाय. ती गायिकेचं सोंग करते पण गाण्याची हेळसांड करत नाही. पट्टी, श्वास, हातवारे, सगळं त्या परंपरेतलं शिस्तीचं. गाणं वाईट झालं असतं तर मागचा समेट आपण मानलाच नसता.

चित्रपट पुरा स्टुडिओत झालेला, एपिनेच्या टोबिस स्टुडिओत. पॅरिसची गच्च्यांची, धुराड्यांची ओळ लाझार मेरसोंनं बांधलेली. जॉर्ज पेरिनालच्या छायाचित्रणात सगळ्यावर एक धुरकट मऊपणा आहे, कारण देखाव्यांपुढे झिरझिरीत कापड लावून त्यांची कड बोथट केली होती. माणसं स्पष्ट दिसतात, भिंती विरघळल्यासारख्या. क्लेर हा पॅरिसच्या बाजारपेठेत, ले आलमध्ये, साबणाच्या व्यापाऱ्याच्या घरी वाढलेला मुलगा. त्याला खरं पॅरिस ठाऊक नव्हतं असं नाही. पण थिएटरातला मंच खोटा आणि बाहेरचं शहर खरं, असा भेद त्यानं ठेवला असता तर मागच्या दोघांचं प्रेम खऱ्या जगात आल्यावर फिकं पडलं असतं. त्यानं शहरही कापडाचं केलं. मिशेल आणि बेआत्रिस थिएटराबाहेर पडतात तरी गाण्याच्या हद्दीतच असतात.

पैशाबद्दल हा चित्रपट काय म्हणतो, हेही मला आवडतं. 1931 म्हणजे मंदीचा काळ. फ्रान्सची स्वतःची राष्ट्रीय लॉटरी यायला अजून दोन वर्षं होती, म्हणून तिकीट डच. दहा लाखांची बातमी फुटते आणि काल तगादा लावणारा वाणी आज हार घालायला येतो. मिशेलचा मित्र प्रॉस्पेर तर अर्ध्या बक्षिसासाठी मैत्री बाजूला ठेवतो. पोलिसांनी मिशेलला चोर समजून धरलं तेव्हा तो ओळखही दाखवत नाही. हे सगळं कडवट होऊ शकलं असतं. क्लेर कुणालाच शिक्षा करत नाही. लोक असे वागतात, हे तो पाहतो, आणि त्यांना पुन्हा नाचात घेतो. शब्दाला जागणारा माणूस मात्र सगळ्यांत शेवटी येतो, आणि तो चोर असतो. त्युलिप आजोबांना बेआत्रिसनं एकदा लपायला जागा दिली होती. तिला दिलेला शब्द ते पाळतात.

पुढे क्लेरचं नाव मागे पडलं. 1960 मध्ये तो फ्रेंच अकादमीत निवडून गेला, आणि नेमक्या त्याच सुमारास नव्या लाटेच्या तरुणांनी त्याला जुनाट ठरवलं. त्यांना रस्ता हवा होता, खरा उजेड हवा होता, तुटक बोलणं हवं होतं. त्यांचे चित्रपट मीही प्रेमानं पाहिलेत. पण हलकेपणाला उथळपणा समजायची जी सवय तेव्हा लागली ती अजून सुटलेली नाही. ‘ल मिलियों’ची शिफारस केली की चित्रपट शिकणारी मुलं विचारतात, त्यात आहे काय? मी त्यांना आवाज बंद करून तो युगलगीताचा प्रसंग पाहायला सांगतो. दोन जाड माणसं हातवारे करताहेत आणि मागे एक मुलगी विनाकारण विरघळतेय, एवढंच दिसतं. मग चित्र झाकून नुसता आवाज ऐकायला सांगतो. बऱ्यापैकी गायलेलं, फारसं लक्षात न राहणारं एक ऑपेरागीत ऐकू येतं. दोन्ही एकत्र केली की तिसरंच काही उभं राहतं, जे ना चित्रात होतं ना आवाजात. 1931 मध्ये कुणालाही पुरतं माहीत नव्हतं की बोलपटातून असं काही निघू शकतं. ज्याला बोलपट नकोसा होता त्यानंच ते काढून दाखवलं.

युगलगीत संपतं, टाळ्या पडतात, पडदा खाली येतो आणि पडद्याच्या अलीकडे गायक-गायिका पुन्हा भांडायला लागतात. त्यांना पत्ताही नसतो की आज त्यांनी कुणाचं लग्न वाचवलं. मिशेल आणि बेआत्रिस त्यांचे आभार मानत नाहीत. मानायला वेळच नाही, कारण सोप्रानेलीच्या अंगावरचा कोट अजून हाती यायचाय आणि अर्धं थिएटर त्याच्यामागे धावत सुटलंय.